रावण आधी निवडून आला

वाल्मीकींनाही सुचला नसता असा एक प्रसंग १९९१ साली दिल्लीत घडला. सीता आणि रावण एकाच पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत पोचले. बडोद्याहून दीपिका चिखलिया आणि साबरकांठ्याहून अरविंद त्रिवेदी, दोघंही भाजपचे. अशोकवनात सीतामाईनं रावणाशी बोलताना मध्ये गवताची काडी धरली होती. इथे दोघांना एकच पक्षादेश. काडी धरायचीच झाली तर ती समोरच्या बाकांकडे तोंड करून.

रामाला मात्र खासदार व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं. अरुण गोविल मेरठमधून निवडून आले ते रावणानंतर ३३ वर्षांनी. त्यापूर्वी १९८८ मध्ये, ‘रामायण’ मालिका अजून घराघरात ताजी असताना, ते अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत काँग्रेस उमेदवाराच्या प्रचाराला गेले होते. तो उमेदवार पडला आणि विश्वनाथ प्रताप सिंह निवडून आले. मधल्या काळात आपले मराठी श्रीकृष्ण, नितीश भारद्वाज, १९९६ साली जमशेदपूरहून लोकसभेत जाऊन आले. ते शिक्षणानं पशुवैद्य. म्हणजे गाईगुरांशी त्यांचं नातं मुरलीच्याही आधीचं, पण मतदारांनी बोलावलं ते मुरलीमुळेच. हनुमानाला तर मतदारांचीही गरज पडली नाही. दारासिंग २००३ मध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून थेट राज्यसभेत उतरले. कुस्तीसाठी, असं म्हणायची सोय होतीच.

आणि त्रिवेदी? ते २००२ मध्ये सेन्सॉर बोर्डाचे हंगामी अध्यक्ष झाले. परस्त्री पळवली म्हणून दर दसऱ्याला ज्याला जाळतात, तो सिनेमातल्या अभद्रपणाला कात्री लावायला बसला. गंमत म्हणजे हे गृहस्थ मुळात रामभक्त. गुजराती रंगभूमीवर आणि सिनेमात त्यांनी कितीतरी कामं केली, पण देशानं त्यांना एकच काम करताना पाहिलं.

हे वाचून मतदारांना हसणं सोपं आहे. पण मतदारांना काय माहीत नव्हतं? २५ जानेवारी १९८७ पासून दीड वर्ष, दर रविवारी सकाळी, लोक अंघोळ करून टीव्हीसमोर बसत होते, काही घरांत संचाला हार घातला जात होता, तेव्हाही पाट्यांमध्ये नटांची नावं पडद्यावरून सरकत होतीच. समोर दिसतोय तो पगारी नट आहे, त्याचे दहाही तोंडांचे संवाद रामानंद सागरांनी लिहून दिलेत, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही काही फरक पडला नाही. गोविल यांनीच मुलाखतीत एक किस्सा सांगितलाय. एका सेटवर ते कोपऱ्यात सिगारेट ओढत होते. एक माणूस आला आणि त्यानं त्यांना चांगलंच झापलं. आम्ही तुम्हाला देव मानतो आणि तुम्ही हे असलं करता? गोविल यांनी सिगारेट सोडली. धूम्रपानाविरुद्धच्या सरकारी जाहिरातींना जे जमलं नाही ते एका अनोळखी माणसाच्या गैरसमजानं करून दाखवलं. याला गैरसमज तरी म्हणावं का, हा प्रश्नच आहे.

माणसाचं डोकं असं का चालतं, याचा एक छान पुरावा अमेरिकेत सापडला. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना काही निबंध वाचायला दिले. विषय होता क्यूबाचा फिडेल कॅस्ट्रो. काही निबंध त्याच्या बाजूचे, काही विरोधातले. लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल ते वाचणाऱ्यांनी सांगायचं. खोच पुढेच होती. काही वाचकांना स्पष्ट बजावलं होतं की बाजू लिहिणाऱ्यानं निवडलेली नाही, ती त्याला नेमून दिलेली आहे. तरीही वाचकांचा कल तिकडेच: ज्यानं कॅस्ट्रोची बाजू मांडली तो मनातून थोडा कॅस्ट्रोवालाच असणार. आपल्याकडे आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत ‘विज्ञान शाप’ ही बाजू वाट्याला आलेल्या मुलाकडे बक्षीस समारंभात विज्ञानाचे सर ज्या नजरेनं बघतात, ती नजर आता शास्त्रीय पायावर उभी आहे म्हणायला हरकत नाही.

पुढे १९७७ मध्ये ली रॉस यांनी या खोडीला नाव दिलं आणि तिला माणूस ओळखण्यातली मूलभूत चूक ठरवलं. समोरच्याचं वागणं हे त्याच्या परिस्थितीतून आलंय, हे आपल्याला सुचतच नाही. आपल्याला दिसतो स्वभाव. बसमध्ये धक्का देणारा मुळातच आडदांड असतो. आपला धक्का मात्र ड्रायव्हरनं ब्रेक दाबल्यामुळे लागलेला असतो.

या चुकीवर हिंदी-मराठी सिनेमानं काही पिढ्यांचा संसार चालवला. सगळ्यात नमुनेदार गोष्ट ललिता पवारांची.

येवल्यात जन्मलेल्या या बाई मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होत्या, आणि नायिका होत्या. खाष्टपणाचा मागमूस नव्हता. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. मारायचं नाटक करायचं की मारायचंच, यात गल्लत झाली असावी. थोबाडीत इतकी जोरात बसली की ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि डाव्या डोळ्याला इजा झाली. सुमारे तीन वर्षं उपचारात गेली. डोळा वाचला, पण बारीक झाला. नायिकेचं करिअर संपलं. (मारणारे भगवान पुढे ‘अलबेला’ काढून आख्ख्या देशाला हसवत नाचले. सिनेसृष्टीत न्याय असाच वाटला जातो.)

मग प्रेक्षकांनी जे केलं ते जोन्स आणि हॅरिस यांना मुंबईत येऊन बघता आलं असतं. एका जखमी स्नायूकडे पाहून त्यांनी ठरवलं, ही बाई दुष्ट आहे. डोळा बारीक करून बघतेय म्हणजे सुनेचे दागिने मोजतेय. १९५० च्या ‘दहेज’पासून पुढे खाष्ट सासू म्हटलं की ललिता पवार, असं समीकरण बसलं, आणि ‘रामायणा’त मंथरेचं काम आलं तेव्हा निवडीवर चर्चा करायचीही वेळ आली नसावी. वास्तविक याच बाईंनी ‘श्री ४२०’मधली केळीवाली केली, ‘अनाडी’तली वरून कडक आणि आतून मऊ मिसेस डिसा केली, आणि त्या मिसेस डिसाबद्दल त्यांना फिल्मफेअरही मिळालं. म्हणजे पुरस्कार मायेला, आणि ओळख छळाची. महाराष्ट्रात एका पिढीनं आपल्या सासूला मनातल्या मनात ‘ललिता पवार’ म्हटलं. यात खऱ्या ललिता पवारांवर अन्याय झाला, तसा काही सासवांवरही झाला. कित्येकींचा डोळा नुसता मोतीबिंदूनं बारीक झालेला होता.

समोरच्या बाजूला सुलोचनादीदी. त्यांचा चेहरा असा की त्यांनी कुणाला रागवायचं ठरवलं असतं तरी समोरच्याला औक्षण केल्यासारखं वाटलं असतं. पडद्यावर त्या अनेक नायकांच्या आई झाल्या, ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये तर जिजाऊच. निरुपा रॉय यांनी आधी पौराणिक चित्रपटांतल्या देव्या केल्या, तेव्हा लोक त्यांना नमस्कार करायला येत. नंतर ‘दीवार’मध्ये त्या अमिताभच्या आई झाल्या. वयातलं अंतर जेमतेम अकरा वर्षांचं. आई व्हायला वय लागत नाही, कपाळावर पांढरी बट लागते, हे प्रेक्षकांनी बिनतक्रार मान्य केलं. आणि सोलापूरच्या शशिकला? पडद्यावर त्या दोन मिनिटांत दोन घरं मोडायच्या. प्रत्यक्षात पुढे मदर तेरेसांच्या संस्थेत रुग्णसेवेला गेल्या.

मात्र मराठी माणसाच्या मनात कुणाची प्रतिमा सगळ्यात घट्ट बसली असेल तर ती निळू फुल्यांची. ‘वाड्यावर’ हा एकच शब्द खालच्या पट्टीत, मान तिरकी करून म्हटला की गणपतीच्या मंडपातला कुठलाही नकलाकार टाळी घेऊन जातो. ज्यांनी फुल्यांचा एकही चित्रपट पूर्ण पाहिलेला नाही अशी मुलंही हे करतात. एखाद्या माणसाचं अवघं कर्तृत्व एका पत्त्यात बसवणं फक्त प्रेक्षकांनाच जमतं.

हा माणूस कोण होता? पुण्याचा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, सिनेमाच्या आधी पुण्याच्या सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा. १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून त्यांनी पडद्यावर जी बेरकी मंडळी उभी केली, ती पाहून गावोगावच्या बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत. जत्रेत, तमाशाच्या तंबूबाहेर, एस्टी स्टँडवर. ती शिवी ते आपल्या कामाची पावती मानत. ‘सामना’त त्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर एकमेकांसमोर उभे ठाकले, ते पाहून लोक घरी गेले. प्रत्यक्षात हेच दोघे नरेंद्र दाभोलकरांसारख्या कार्यकर्त्यांबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी गावोगाव हिंडत होते, ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग लावून पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी पैसे उभे करत होते. म्हणजे पडद्यावर साखर कारखाना गिळणारा माणूस रंगमंचामागे दुसऱ्यांच्या मानधनाचा हिशेब बघत होता. ‘सिंहासन’मध्ये त्यांनी साधा, सरळ, शेवटी हतबुद्ध होऊन हसत सुटलेला पत्रकार दिगू टिपणीस केला. समीक्षकांनी दिगूचं कौतुक केलं. नकलाकारांनी वाडा सोडला नाही.

दुष्टपणाचंच काय, संतपणाचंही असंच होतं. १९३६ साली प्रभातनं ‘संत तुकाराम’ काढला. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. ते रंगभूमीवर स्त्री-भूमिका करणारे नट, आणि चालण्याबोलण्यात मुरलेल्या त्या नजाकतीमुळे दिग्दर्शक दामले-फत्तेलालांच्या मनात आधी शंका होती. चित्रपट मुंबईच्या सेंट्रलमध्ये वर्षभराहून अधिक चालला, व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, आणि घरोघरच्या तसबिरींत तुकोबांना पागनीसांचा चेहरा मिळाला. पागनीसांना पुढे मिळालं काय? तुलसीदास, नरसी भगत, विदुर. एकदा टाळ हातात घेतला की तो खाली ठेवायची मुभा नाही.

त्याच चित्रपटात तुकोबांची बायको झाली होती गौरी. ही प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला लागलेली बाई, हळूहळू छोट्या कामांतून पुढे आली. कीर्तनकारांनी तीनशे वर्षं या बायकोला कजाग ठरवून टाकलं होतं. गौरीनं म्हशीला ओढत, विठोबाला शिव्या घालत, पोरांच्या पोटाची चिंता करत ती अशी उभी केली की प्रेक्षकांना पहिल्यांदाच सुचलं: घरात दाणा नसताना नवऱ्यानं आलेला ऊस वाटेत वाटून टाकला तर बाई दुसरं काय म्हणणार? कजागपणा कमी झाला नव्हता, फक्त त्याचं कारण दिसायला लागलं होतं.

नटांचं एक बरं असतं, या सगळ्याचे त्यांना पैसे मिळतात. बाकीच्यांना हेच काम फुकटात करावं लागतं.

मराठी मध्यमवर्गीय घरात भूमिकांचं वाटप साधारण बारशापासून सुरू होतं आणि मुंजीपर्यंत संपतं. थोरला समजूतदार, मधला तापट, धाकटी लाडावलेली. मधल्यानं कुठल्याशा लग्नात, जिलेबी पंगतीच्या शेवटापर्यंत पोचली नाही म्हणून, एकदा आवाज चढवलेला असतो. तेवढ्या भांडवलावर त्याची पुढची चाळीस वर्षं निघतात. घरात काही घडलं की आधी ठरतं, ‘भाऊंना एवढ्यात सांगू नका, ते चिडतील.’ गावाकडची जमीन विकायची आहे, भाचीचं लग्न ठरतंय, आईला दवाखान्यात नेलंय. प्रत्येक बातमी भाऊंना सगळ्यांत शेवटी कळते, तीही बहुतेक वेळा वॉचमनकडून. मग भाऊ चिडतात. कुणीही चिडेल. आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघतात: म्हटलं नव्हतं?

याचंही शास्त्र आहे. रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली लिहिलं की एखादी खोटी समजूतही लोक खरी मानून वागू लागले की खरी होऊन बसते. त्यांचं उदाहरण बँकेचं. बँक धडधाकट असते, पण ती बुडणार अशी आवई उठते, लोक पैसे काढायला रांग लावतात आणि त्या रांगेमुळेच बँक बुडते. मर्टन यांनी भाऊंना पाहिलं नव्हतं. भाऊही मुळात धडधाकटच होते.

लग्न जमवणं ही तर या प्रकाराची उघड उघड निवडचाचणी. अर्धा तास, एक बशी पोहे आणि दोन कुटुंबांचे मिळून आठ-दहा परीक्षक. मुलगी जमिनीकडे बघत बसली तर शालीन, सरळ बघून बोलली तर ‘जड जाईल बाई’. मुलानं तीनदा पोहे घेतले तर मोकळा, एकदाही नाही घेतले तर शिष्ट. ॲसिडिटी आहे ही शक्यता कुणी विचारात घेत नाही. जोन्स आणि हॅरिस यांचा विद्यार्थी आणि मुलीची आत्या यांच्यात इथे काही फरक राहत नाही. दोघांनाही पक्कं माहीत असतं की समोरचा आज नेमून दिलेली बाजू मांडतोय, आणि तरी दोघं त्यावरून स्वभाव काढतात.

या अर्ध्या तासावर विश्वास नाही म्हणून मग चौकशी. मुलीचा मामा मुलाच्या सोसायटीतल्या ओळखीच्या कुणाला तरी फोन लावतो. ‘मुलगा कसा आहे हो?’ पलीकडचे काका उत्तर द्यायच्या आधी घसा साफ करतात. त्या खाकरण्यावर स्थळ मोडू शकतं. वास्तविक काकांना खोकला झालेला असतो, किंवा मुलाची बाइक गेले सहा महिने त्यांच्या पार्किंगच्या पट्ट्यावर चार बोटं आलेली असते. पण चार बोटं पट्ट्यावर आली हे वाक्य फोनवर ‘मुलगा थोडा बेफिकीर वाटतो’ असं होऊन बाहेर पडतं. मामा ते वहीत लिहून घेतात. दोन घरं पुढे, दुसऱ्या मामांना, हाच मुलगा ‘दारू पीत असेल का?’ इथपर्यंत पोचलेला असतो.

यातून सुटका आहे का? प्राण यांची गोष्ट थोडी आशा दाखवते. १९४० पासून पडद्यावर असलेल्या या देखण्या माणसानं खलनायकी अशी काही वठवली की लोकांनी मुलांची नावं प्राण ठेवायची बंद केली, असं सांगतात. शत्रूच्या नावानं मूल बोलवायची वेळ कशाला आणा? मग १९६७ साली मनोजकुमार यांनी ‘उपकार’मध्ये त्यांना मलंगचाचा केलं, लंगडा, तोंडाचा फटकळ, पण मनाचा खरा माणूस. आणि जे लोक कालपर्यंत वाट सोडून पलीकडून जात होते ते जवळ यायला लागले. प्राण बदलले नव्हते. त्यांना फक्त दुसरं काम मिळालं होतं, आणि ते द्यायला एका माणसानं धाडस दाखवलं होतं. आणखी एक उदाहरणही आहे: ‘शोले’तला गब्बर पुढे ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत आला, आणि ज्या पोरांना त्याच्या नावानं झोपवायचं त्याच पोरांनी ती बिस्किटं मागून खाल्ली.

घरात मनोजकुमार सहजी मिळत नाही. समवयस्क भावंडांकडून ती अपेक्षाच करू नये. त्यांनी सगळे जुने खेळ पाहिलेले असतात आणि संवाद पाठ असतात. नवरा-बायकोंचं त्याहून अवघड, ते आपापल्या मनातला जोडीदार समोरच्याला सतत प्रॉम्प्ट करत असतात. हे काम होतं ते बहुधा नातवंडाकडून, कारण त्यानं आधीचं काहीच पाहिलेलं नसतं.

ज्या आजींनी चाळीस वर्षं स्वयंपाकघर लष्करी शिस्तीत चालवलं, ज्यांच्या समोर सून पदर सावरून आणि मुलगा श्वास सावरून उभा राहायचा, त्या आजी आता दुपारी चार वाजता, देवाला दाखवायच्या आधी, बेसनाचा लाडू काढून नातवाच्या हातात देतात. तो अर्धा खातो, अर्धा सोफ्यावर सांडतो. सून ओट्यापाशी उभी राहून हे बघते आणि कणीक मळायची थांबते. मुलगा हातातला पेपर खाली ठेवतो. याच लाडवांना न विचारता हात लावला म्हणून सातवीत असताना तो तासभर अंगणात उभा होता, पावसाळ्यात.

‘आई, मला नाही कधी दिलास असा.’

आजी डबा बंद करतात. ‘तुझं वेगळं होतं. तू हावरट होतास.’